एसीपी प्रद्युम्न सगळ्यांना पाठ, शिवाजी साटम किती जणांना माहीत?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मॅच शेवटच्या ओव्हरला फिरली, निकाल उलटा लागला, कुणाचे तरी लग्नाचे फोटो इन्स्टावरून अचानक गायब झाले की दहा मिनिटांत कुणीतरी तो फोटो टाकतोच. कपाळावर आठ्या, एक हात चेहऱ्यापाशी वर उचललेला, बोटं हवेत काहीतरी पिळल्यासारखी फिरतायत, आणि खाली 'कुछ तो गडबड है, दया'. तो फोटो 'सीआयडी' या पोलीस मालिकेतल्या एसीपी प्रद्युम्नचा, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या शिवाजी साटमांचा. सीआयडी १९९८ ला सोनीवर सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ ला बंद केली, मधे दीड हजारांवर भाग झाले. आणि गंमत म्हणजे बंद पडल्यावर ती जास्तच फोफावली कारण तोवर टीव्हीसमोर बसणारे लोक वेगळे आणि फोनवर तुकडे बघणारे लोक वेगळे झाले होते, आणि दुसऱ्या जातीच्या लोकांना हा माणूस आयता सापडला.

आता माझा मुद्दा. या मीमवर हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की साटमांचा अभिनय वाईट आहे म्हणून ते विनोदी वाटतं. मला अगदी उलट वाटतं. वाक्य फालतू असतं, समोरचा पुरावा त्याहून फालतू असतो (खुन्याच्या शर्टाचं बटण, जे नेहमी फक्त त्या एकाच माणसाच्या शर्टाचं असतं), पण साटम त्या बटणाकडे बघतात तेव्हा खरंच बघतात. 'मला माहितीये हे येडपट आहे' असं प्रेक्षकाला डोळा मारून सांगणं त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही केलेलं नाही. कॉमेडी शोमध्ये त्यांची नक्कल करणारे किती आले, पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा नाही. मूळ क्लिप मात्र पन्नासाव्यांदा बघितली तरी चालते, कारण ती करणारा माणूस नक्कल करत नाहीये.

आणि हाच माणूस 'उत्तरायण'मध्ये आहे, 'वास्तव'मध्ये आहे, 'दे धक्का'त आहे, 'हापूस'मध्ये आहे. पण ऑनलाइन कुठेही नाव टाका, खाली कॉमेंटींत 'एसीपी सर लेजंड' यापलीकडे कुणी जात नाही. कुणाला त्यांची कुठली भूमिका आठवते ते लिहा. आणि ही जी मीमवाली लोकप्रियता आहे ती नटाची की पात्राची, यावरही भांडूया.

---

कट्टेकरी

धागा भारी. वाचनखूण साठवली.

एक भर. 'एक शून्य शून्य' विसरलात? दूरदर्शनवर मराठीत पोलिसांची मालिका होती, सीआयडीवाल्या बी. पी. सिंगांचीच, आणि त्यातही साटम होते. म्हणजे सीआयडी काही आभाळातून पडली नाही, दिग्दर्शक तोच, नट तोच, पोलीसही तोच म्हणा ना, फक्त भाषा बदलली आणि चॅनेल खासगी झालं. आमच्या पिढीला एसीपी आला तेव्हा नवीन वाटलाच नव्हता, ओळखीचा इन्स्पेक्टर बढती होऊन आल्यासारखं वाटलं.

---

सांगकाम्या

छान लिहिलंय पण असहमत.

मीम नटामुळे होत नाही हो. त्यात तीन वेळा झूम आहे, प्रत्येक झूमला ढॅण ढॅण ढॅण आहे, आणि दर भागात तेच तेच वाक्य आहे. वीस वर्षं शनिवार-रविवार तुम्ही मला जरी उभं केलं असतं आणि 'पता लगाओ' म्हणायला लावलं असतं तरी मीही मीम झालो असतो. एसीपीच्या हाताखालच्या इन्स्पेक्टर दयाचं बघा. ती भूमिका करणारे दयानंद शेट्टी दार तोडतात, बास, तेवढ्यावर 'सिंघम रिटर्न्स'मध्येसुद्धा त्यांच्याकडून दार तोडून घेतलं. त्यात अभिनय कुठून आला? दाराचा?

---

टिंगूमास्तर

>> त्यात अभिनय कुठून आला? दाराचा?

मेलो =))

---

मावळतीचं ऊन

रात्रपाळी, तुम्ही 'उत्तरायण'चं नाव घेतलंत म्हणून खास लॉगिन केलं.

२००४ चा सिनेमा, बिपिन नाडकर्णींचा, जयवंत दळवींच्या 'दुर्गी' नाटकावरून. त्या वर्षीचा मराठीतला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता त्याला. निवृत्त झालेला विधुर आणि तरुणपणी ओळख असलेली, आयुष्याने पार चेपलेली बाई, म्हणजे नीना कुळकर्णी, इतक्या वर्षांनी भेटतात. बस्स, एवढीच गोष्ट. कुणी ओरडत नाही. साटमांनी त्यात आवाज इतका खाली ठेवलाय की सीआयडी बघून आलेल्या माणसाला आधी वाटेल टीव्हीचा आवाज बिघडला. या वयात कुणाला तरी 'माझ्यासोबत रहा' म्हणायचं म्हणजे पुरुषाची जी अवघडलेली अवस्था होते, लाज आणि हट्ट दोन्ही एकदम, ती त्यांनी खांद्यांतून दाखवलीये. संवाद संपल्यावर ते लगेच मोकळे होत नाहीत, अवघडलेपण तसंच अंगावर राहतं. माझी आई तो सिनेमा बघून झाल्यावर कितीतरी वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, हा तो ढिशुम ढिशुमवाला ना गं?

सांगकाम्या, तुम्ही तो बघा आणि मग सांगा की तुम्हालाही जमलं असतं.

---

सांगकाम्या

ताई, उत्तरायणमधले साटम चांगले नाहीत असं मी कुठे म्हटलं. मी म्हणतोय की एसीपी म्हणून ते जे लोकप्रिय आहेत त्यात त्या चांगलेपणाचा काही संबंध नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

होस्टेलचा डबा

मी जरा लहान आहे इथल्या बऱ्याच जणांपेक्षा त्यामुळे आमच्या बाजूने सांगतो.

आम्ही सीआयडी टीव्हीवर बघितलीच नाही म्हटलं तरी चालेल. यूट्यूबवर बघितली. जेवताना काहीतरी लागतं समोर, नवीन सिरीज लावली तर लक्ष द्यावं लागतं, सबटायटल वाचता वाचता आमटी सांडते. सीआयडीत तसं नाही, मधेच पाणी प्यायला उठलात तरी परत येईपर्यंत टीममधला दुसरा इन्स्पेक्टर अभिजीत सगळं पुन्हा एकदा समजावून सांगत असतो. तर आम्ही सुरुवातीला सरळ सरळ हसायला बघायचो. थंबनेलच तसे असतात, एखादा मुखवटा घातलेला माणूस, लाल बाण, आणि एसीपीचं तोंड. खून कुणी केला यावर पैजा लागायच्या, वॉर्डनपर्यंत तक्रार गेली होती आवाजाची.

पण काय झालं की हसता हसता सवय लागली आणि मग जुने भाग शोधायला लागलो, ९८-९९ वाले, ज्यांची नावं 'द केस ऑफ' अशी सुरू होतात. ते भलतेच वेगळे आहेत! श्रीधर राघवनसारखे लेखक होते तेव्हा, एक केस दोन-दोन भाग चालायची. आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर आहेत त्यात, अश्विनी काळसेकर आहेत. आणि एसीपी हात फिरवतच नाही फारसा. गप्प बसून सिगरेटच्या थोटकाकडे बघतो, समोरच्याला बोलू देतो. तो माणूस बघून आमच्या रूममध्ये शांतता झाली होती, कुणीतरी म्हणालं सुद्धा, अरे हा तर खरंच पोलीस वाटतोय.

म्हणजे लोकप्रियता पात्राचीच असेल पण पात्र हळूहळू नटाला खात गेलं असं माझं मत झालंय.

---

रात्रपाळी

डबा, हा प्रतिसाद धाग्याहून चांगला आहे. 'पात्र नटाला खात गेलं' याला अनुमोदन, अर्धं. अर्धंच का, तर खाऊ दिलं म्हणूनही टिकलं. हट्टाने ९८ चाच एसीपी करत बसले असते तर मालिका २००५ लाच गेली असती.

सांगकाम्या, तुमच्यासाठी प्रश्न. एसीपी नुसत्या झूम आणि ढॅण ढॅणवर उभा असेल तर २०२५ च्या एप्रिलमध्ये जे झालं ते का झालं?

---

सांगकाम्या

झालं ते मार्केटिंग झालं.

---

अनामिका ७

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिसेंबर २०२४ ला सोनीने सीआयडी परत आणली, फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवरही यायला लागली. आणि एप्रिलमध्ये बार्बोझा नावाच्या खलनायकाने, तिग्मांशू धुलिया होते त्यात, बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युम्नला मारून टाकलं. नुसतं मालिकेत नाही, चॅनेलने आपल्या अकाउंटवरून श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, फोटो, खाली १९९८ ते २०२५. मी ती पोस्ट बघून खरंच घाबरले होते, वाटलं साटमच गेले. आणि त्याच महिन्यात माणसाला पंच्याहत्तर पूर्ण होत होती हो! कुणाला तरी जरा तरी वाटायला पाहिजे होतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर काकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, त्याखाली बाराजणांनी हात जोडले, आणि मग मी बातमीची लिंक टाकल्यावर सगळ्यांनी गुपचूप डिलीट केलं.

---

कट्टेकरी

त्या पोस्टखालच्या कॉमेंटी वाचल्या होत्या मी. नेहमीचे 'हाहा' वाले पण नव्हते त्यात. लोक खरंच चिडले होते. 'बालपण मारलंत' वगैरे तर होतंच पण बऱ्याच जणांचं म्हणणं हे होतं की बॉम्बस्फोटात कसा काय मारता, असा? वीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक प्रेताला न्याय मिळवून दिला त्याला नीट एक सीन नको? हा राग मीमवाल्या पिढीचा होता, जी म्हणे फक्त थट्टा करते.

---

वाफाळता

आणि मग पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आला आणि बिचाऱ्याला लोकांनी धू धू धुतला. मला हे अजिबात आवडलं नाही. मुलगा प्रामाणिकपणे काम करत होता. त्या खुर्चीत कुणीही बसलं असतं तरी शिव्याच खाल्ल्या असत्या. ऑनलाइन प्रेमाची ही बाजू पण लिहा की धाग्यात. एकावर प्रेम दाखवायला दुसऱ्याच्या प्रोफाइलवर जाऊन घाण करायची, आणि तो दुसरा पण नोकरीच करतोय.

---

रात्रपाळी

वाफाळता, शंभर टक्के. पार्थचा त्यात काही दोष नव्हता. लिखाणाचा होता. नवीन साहेब आला की आधी जुन्या लोकांशी खटके उडणार, मग मनं जुळणार, ही कथा इतकी घासलेली आहे की तिच्यात कुणीही चेपला गेला असता.

पण सांगकाम्या, माझा मुद्दा तोच आहे. झूम तेच होते, संगीत तेच होतं, दया तिथेच, अभिजीत तिथेच, फॉरेन्सिकचे डॉ. साळुंखे तिथेच. फक्त एक माणूस काढला. आणि थोड्याच दिवसांत एसीपीला परत आणावं लागलं. मार्केटिंग म्हणा हवं तर, पण मार्केटिंगसाठी सुद्धा त्यांनी मारायला कुणाला निवडलं ते बघा ना.

---

सांगकाम्या

सवय. वीस वर्षांचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं तरी माणूस चिडतो, म्हणून कॅलेंडर काही नट होत नाही.

---

टिंगूमास्तर

सांगकाम्या आज ऐकत नाहीत. दया, दरवाजा तोड दो.

---

मी_कापाकापी

पोटापाण्यासाठी व्हिडिओ एडिट करतो म्हणून लिहितोय, फार क्वचित लिहितो इथे.

दोघंही बरोबर आहात पण एक तांत्रिक गोष्ट कुणी बोलत नाहीये. क्लिप चालायला तीन गोष्टी लागतात. वाक्य आठ-दहा सेकंदांत संपलं पाहिजे, मागचंपुढचं माहीत नसलं तरी कळलं पाहिजे, आणि ते दुसऱ्या कुठल्याही प्रसंगाला चिकटवता आलं पाहिजे. 'कुछ तो गडबड है' या तिन्हीत बसतं. निकालावर लावा, सासूच्या शांततेवर लावा, बिलावर लावा. आता तुम्ही मला 'उत्तरायण'मधला तुकडा काढून द्यायला सांगितलंत तर मी काय देऊ? तिथे माणूस आधी थांबतो, मग खिडकीकडे बघतो, मग अर्धं वाक्य बोलतो आणि उरलेलं गिळतो. ते गिळलेलं कळायला मागचा तासभर बघितलेला पाहिजे. दहा सेकंदांत तो नुसता म्हातारा उभा आहे एवढंच दिसतं.

याच कारणाने 'वास्तव'मधून काय उरलं बघा. संजय दत्तचा 'पचास तोला'. त्याच घरात शिवाजी साटम बाप आहेत. पोरगा गल्लीचा दादा झाला, घरात पैसा येतोय, बायको पोरामागे वेडी, आणि हा सरळमार्गी माणूस स्वतःच्याच घरात परका होत जातो. अख्ख्या सिनेमात हे एकसलग चालू आहे, पण कापून काढता येत नाही. आई झालेल्या रीमांना शेवट तरी मिळाला, बापाला तोही नाही. नटाची लायकी आणि क्लिपची लायकी या वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि फोनवर फक्त दुसरी चालते.

पण आता सांगकाम्यांसाठी. एसीपीची क्लिप मी फ्रेम फ्रेम करून बघितलीये, कामासाठीच. हात फिरायला लागायच्या आधी डोळे थांबतात. म्हणजे आधी नजर कुठेतरी अडकते, विचार आल्याचं दिसतं, मग हात, आणि मग शब्द. नक्कल करणारे सगळे थेट हातापासून सुरू करतात. आधीच्या त्या थोड्याशा फ्रेममध्ये सगळा फरक आहे, आणि तो झूमने येत नाही. झूम मी कुणाच्याही तोंडावर लावू शकतो.

---

मावळतीचं ऊन

_/\_ याला म्हणतात प्रतिसाद.

---

होस्टेलचा डबा

आत्ता लगेच जाऊन बघितलं. खरंच डोळे आधी थांबतात!!

---

जुनी खोड

'वास्तव'वरून एक सुचलं. त्यात शेवटी आई पोराला गोळी घालते. आणि सीआयडीत एसीपी स्वतःच्या मुलाला, नकुलला, गोळी घालतो. आठवतंय का कुणाला तो ट्रॅक? मीमवाल्यांना बहुतेक माहीतही नसेल. कर्तव्य की मुलगा, इतकी मेलोड्रामाची जागा, कुणीही छाती बडवली असती. साटम तिथे रडतात कमी आणि दगड जास्त होतात. नंतर कित्येक वर्षं मालिकेत कुणाचा मुलगा बिघडल्याची केस आली की एसीपी त्या बापाशी जरा वेगळं बोलायचा, लेखकाने लिहिलं असो वा नसो. मला तरी ते दिसायचं.

---

कट्टेकरी

रंगभूमीचं कुणी बोललं नाही अजून. साटम बँकेत कॅशियर होते, बँकांच्या नाट्यस्पर्धांतून पुढे आले. त्या काळात हे फार होतं, दिवसभर काउंटरवर नोटा मोजायच्या आणि संध्याकाळी तालीम. त्या लोकांची एक शिस्त असायची, पाठांतर पक्कं, वेळेवर हजर, आणि समोरच्याचं वाक्य ऐकायची सवय. २००४ ला सीआयडीने एकही कट न घेता १११ मिनिटांचा भाग केला होता ना, 'द इनहेरिटन्स', गिनेस बुकात गेला तो. कॅमेरा एकदा सुरू झाला की संपेपर्यंत बंद नाही. एकाने वाक्य चुकवलं की सगळ्यांचं मुसळ केरात. तिथे बँकेच्या नाटकातली माणसं उपयोगी पडतात, रीलवाली नाही.

---

मुलुंडचा_पोपट

शेवटी मराठी माणूसच देशाला पुरून उरला. हिंदीवाल्यांनी कधी साटमांना योग्य मान दिला नाही, कायम हिरोइनचा बाप नाहीतर हवालदार.

---

वाफाळता

पोपटराव, इथे पण? 'नायक'मध्ये राणीचा बाप केला हे खरं, पण 'निदान'मध्ये महेश मांजरेकरांनी त्यांना आणि रीमाला मध्यवर्ती भूमिका दिल्याच होत्या, एड्स झालेल्या मुलीचे आईबाप, तोही हिंदीच सिनेमा. तेव्हा किती जण बघायला गेले? आणि मराठीत तरी त्यांच्यासाठी किती भूमिका लिहिल्या गेल्या? मान दिला नाही म्हणायचं तर आपणही त्याच रांगेत.

---

मुलुंडचा_पोपट

बरं बाबा. हलके घ्या.

---

अनामिका ७

कुणी 'दे धक्का' म्हणेना! २००८. मकरंद अनासपुरे, सिद्धार्थ जाधव, आणि त्या खटारा गाडीत आख्खं कुटुंब. साटम त्यात आजोबा आहेत आणि काय अवली आजोबा आहेत. मी लहान असताना तो आधी बघितला आणि सीआयडी नंतर, त्यामुळे मला कित्येक दिवस एसीपी खुन्याला झापायला लागला की वाटायचं आता आजोबा मधेच काहीतरी आचरट बोलणार. म्हणजे त्यांना विनोद येतो हे मला आधीपासून माहीत होतं. विनोद येणारा माणूस सीआयडीत वीस वर्षं विनोद करत नाही, यालाच तर संयम म्हणतात ना?

---

रात्रपाळी

अनामिका, हे मी धाग्यात लिहायला पाहिजे होतं, अगदी हेच.

आणि 'हापूस' पण. २०१०, मुलगा अभिजीत साटमनेच दिग्दर्शित केलेला. त्यात ते कोकणातले आंबा बागायतदार आहेत, तापट, हेकट, स्वतःची झाडं सोडून जगात कुणावर विश्वास नाही. तो हेकटपणा एसीपीच्या दरडावण्याहून फार वेगळा आहे. एसीपी ओरडतो तेव्हा त्याला माहीत असतं की आपण बरोबर आहोत. 'हापूस'मधला म्हातारा ओरडतो तेव्हा त्याला आतून शंका असते. तोच आवाज, तोच माणूस, पट्टी जवळपास तीच, आणि तरी कळतं. आता मी_कापाकापी म्हणतील की हे दहा सेकंदांत दाखवा. नाही दाखवता येत.

---

टिंगूमास्तर

या सगळ्यात डॉ. साळुंखेंवर अन्याय होतोय. नरेंद्र गुप्तांनी निळं पाणी लाल पाण्यात ओतून जेवढे खुनी पकडले तेवढे दयाने दारं तोडून पण नाही पकडले. आमच्या शाळेत प्रयोगशाळेत गेलं की पोरं पहिली 'बॉस, ये देखो' करतात. रसायनशास्त्राची गोडी कुणी लावली, पाठ्यपुस्तक मंडळाने का? साळुंखेंनी.

आणि साळुंखे-एसीपी यांची ती खडाजंगी. दोन म्हातारे एकमेकांना टोमणे मारतायत आणि मधे टेबलावर प्रेत. तिथे मात्र साटम हसतात हं, अगदी मिशीतल्या मिशीत.

---

जुनी खोड

टीममधल्या फ्रेड्रिक्सला विसरू नका. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. नवीन सीआयडी आली तेव्हा मी सर्वात जास्त त्यालाच शोधलं. एसीपी त्याला 'फ्रेडी!' करून झापायचा ना, त्या झापण्यात जी माया असायची ती इतर कुणाला झापताना नसायची. मीममध्ये फ्रेडी नेहमी बावळट, पण ती जोडी साटमांशिवाय उभी राहिली नसती आणि फडणीसांशिवायही नाही.

---

होस्टेलचा डबा

फ्रेडीचा विषय काढलात, आता आज रात्री जेवताना तेच भाग लागणार.

बाकी एक निरीक्षण. नव्या सीझनमध्ये मला वाटतं त्यांना स्वतःच्या मीमची जाणीव झालीये. लेखकांना म्हणतोय, साटमांना नाही. वाक्य मुद्दाम अशा जागी घालतात की बघ, आता रील कापा. 'गडबड'च्या आधी सगळे गप्प होतात, कॅमेरा वाट बघतो. पूर्वी ते वाक्य ओघात यायचं, कधी कधी तर पाठमोरे असताना बोलून जायचे. आता त्याला लाल गालिचा अंथरतात. आणि तरी साटम ते पूर्वीसारखंच बोलायचा प्रयत्न करतात, म्हणजे आजूबाजूला सगळे टाळ्यांची वाट बघत उभे आणि हा माणूस एकटा अजून केस सोडवतोय.

---

मी_कापाकापी

बरोबर पकडलंत. यालाच आमच्याकडे म्हणतात की आधी थंबनेल ठरतं आणि मग सीन लिहिला जातो. फक्त सीआयडी नाही, सगळीकडे चाललंय. नटांनाही सेटवर सांगतात, जरा इथे थांबा, कट चांगला मिळेल. जुन्या मालिकांमधून मीम आपोआप निघाले कारण कुणी काढायला बसलं नव्हतं. ठरवून केलेलं लोकांना लगेच कळतं, दोन दिवस चालतं आणि मरतं.

---

सांगकाम्या

शेवटी आलात ना माझ्याच मुद्द्यावर! लेखक आणि एडिटर ठरवतात.

---

मी_कापाकापी

लेखक-एडिटर ठरवतात ते दोन दिवसांत मरतं, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही वाटतं.

---

मावळतीचं ऊन

=)) =))

सांगकाम्या, एवढं सगळं झालं, 'उत्तरायण' बघितलात का ते सांगा.

---

सांगकाम्या

काल रात्री बघितला.

चांगला आहे. खूप चांगला आहे. नीना कुळकर्णींच्या समोर उभं राहून त्यांचा सीन त्यांना देऊन टाकायचा आणि तरी आपण दिसत राहायचं, हे सोपं नाही, मान्य. बायको शेजारी बसली होती, ती मधेच म्हणाली, आवाज कमी का केलाय. मी म्हटलं, केला नाहीये.

पण एसीपीबद्दलचं मत बदललेलं नाही. मीम झूममुळेच आहे.

---

टिंगूमास्तर

साळुंखेंचा वेगळा धागा काढतोय, तिकडे या. रात्रपाळी, तुम्ही पण, आणि येताना निळं पाणी घेऊन या.